तराजूच्या खोलीतला गोड वास

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नमुने तोलणारी आदवोआ न्यार्को तराजूच्या खोलीत जमिनीवर पडलेली सापडली. टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं होतं, श्वास चालू होता. वरच्या मजल्यावरचे मुख्य रसायनतज्ज्ञ डॉ. फ्रेमपाँग काही कामासाठी खाली आले होते, त्यांनी तिला पाहिलं, दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणलं आणि ओरडून सगळ्यांना गोळा केलं.

मी तेव्हा ग्रंथालयात होतो. ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं आणि एक खिडकी. खिडकीतून अंगण दिसतं, पण मी वाचत होतो आणि आरडाओरडा होईपर्यंत मान वर केली नाही. यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आमची प्रयोगशाळा घानात, कुमासी शहराच्या बाहेर आहे. परदेशी जाणाऱ्या कोकोच्या प्रत्येक खेपेतल्या मूठभर बिया आमच्याकडे येतात. तळमजल्यावर त्या दळतात आणि तोलतात. वर डॉक्टरांच्या खोलीत त्यांच्यातून कीटकनाशकाचे अंश ओढून काढतात. इमारत जुनी, पण काम चोख. आजवर इथे कोणी बेशुद्ध पडलं नव्हतं.

दुपारी आमचे व्यवस्थापक मिस्टर बोआच्ये यांनी तराजूच्या खोलीतलं कपाट तपासलं. त्यातल्या हेक्झेनच्या बाटलीचं झाकण सैल होतं. हेक्झेन म्हणजे पेट्रोलसारखं उडून जाणारं द्रव, त्याची वाफ बंद खोलीत साठली तर माणूस घेरी येऊन पडू शकतो. कपाट अबेना पोकुवाच्या ताब्यात होतं. सव्वीस वर्षांची, उमेदवारीचं तिसरं आणि शेवटचं वर्ष. जूनमध्ये तिला प्रमाणपत्र मिळायचं होतं.

"पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी समिती बसेल," बोआच्ये म्हणाले. "तोवर तिने फाटकाच्या आत यायचं नाही. समितीनंतर प्रकरण पोलिसांकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत, सगळे अंगणात उभे असताना, त्यांनी "जिच्या निष्काळजीपणाने रक्त सांडलं त्या आमच्या बहिणीला" देवाने क्षमा करावी असं मागणं मागितलं. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती.

शनिवारी त्यांनी मला इस्पितळात पाठवलं. "मामा, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. आदवोआचा जबाब लिहून आणा." आदवोआ ट्वीमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत, बोलली, मी इंग्रजीत उतरवलं. एक पान झालं. त्या पानावर मी एक चूक केली होती, आणि त्या चुकीत एका मुलीचं आयुष्य अडकलं होतं. ते मला मंगळवारपर्यंत कळलं नाही.

२

मंगळवारी राजधानीहून, आक्राहून, सुरक्षा खात्याच्या निरीक्षक अपघाताची चौकशी करायला आल्या. एफुआ क्वान्साह. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. फाटकावरच्या रखवालदाराने, म्हणजे आदूने, त्यांच्या बोलण्यावरून त्या किनाऱ्यावरच्या फांटे आहेत, आमच्यासारख्या अशांटे नव्हेत, हे ओळखलं आणि लगेच चिमटा काढला.

"बाई, फांटे माणसाला मासळी सोडून दुसरा वास कळतो का?"

"कळतो की. अशांटे माणसाला स्वतःच्या बढाईचा वास येत नाही, म्हणून तर आम्हाला इतक्या लांबून यावं लागतं."

आदू इतका खूश झाला की त्याने त्यांची पिशवी स्वतः उचलली.

बोआच्येंनी मला त्यांच्याबरोबर दिलं. का, ते मला समजलं नाही. बहुधा मी कोणाच्या मध्ये येत नाही म्हणून.

"तुम्ही ग्रंथपाल ना, मामा? मग सगळ्यांची सगळी भांडणं तुम्हाला ठाऊक असणार."

"नाही हो. मी फारसा कोणाशी बोलत नाही."

"छान. म्हणजे लोक तुमच्यासमोर बोलत असतील."

तराजूची खोली लहान. भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा, तो दिवसभर चालू. दोन खिडक्या, दोन्हींच्या फटींवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. डिसेंबरपासून हरमाटन सुटला होता. उत्तरेच्या वाळवंटावरून येणारा तो कोरडा वारा सगळ्यावर पिठासारखी धूळ पसरतो, आणि तराजूला धुळीचा कणसुद्धा चालत नाही. एफुआबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं. पट्ट्या एकसंध होत्या.

मग त्यांनी पिशवीतून हवेतली वाफ मोजायचं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. वर डॉक्टरांचं काम नेहमीप्रमाणे चालू होतं, दर मंगळवारी आणि गुरुवारी असतं तसं. आम्ही दहा वाजल्यापासून साडेबारापर्यंत बसलो. यंत्राचा काटा हलला नाही.

बोआच्ये दारातून डोकावले. "काय निघालं?"

"काही नाही. हवा स्वच्छ आहे."

"बघा! पोकुवा आत नाही, तर वाफही नाही. आता आणखी काय पुरावा हवा?"

एफुआबाईंनी यंत्र बंद केलं. मला वाटलं, पोकुवाचं आता काही खरं नाही.

३

जेवायच्या सुट्टीआधी आम्ही वर डॉ. फ्रेमपाँग यांच्याकडे गेलो. साठीला टेकलेला, मऊ बोलणारा माणूस. पोकुवाला काम त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी बाईंना स्वतःची खुर्ची दिली आणि आपण उभे राहिले.

"बिया कशात भिजवता, डॉक्टर?"

"डायक्लोरोमिथेनमध्ये. बाहेर कुठे ठेवत नाही, फक्त या खोलीत असतं."

"वापरून झालेलं?"

"मागच्या शेडमधल्या पिंपात. ते न्यायला ट्रक येतो. म्हणजे यायला हवा. सप्टेंबरनंतर आलेला नाही."

"मग पिंप भरलं असेल."

"अजून जागा आहे."

धुण्याच्या सिंकजवळ एक मोठी विजेची किटली होती, तिच्यातून वाफ येत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "चहा?"

"भांडी धुवायला. बियांचं तूप थंड पाण्याने निघत नाही."

"आदवोआला तुम्ही बाहेर आणलंत. नंतर?"

"परत आत गेलो, खिडक्या उघडायला. हवा खेळायला हवी होती ना." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोकुवा चांगली मुलगी आहे, बाई. माणसाकडून चूक होते. समितीने हे ध्यानात घ्यावं असं मी त्यांना सांगणार आहे."

मला ते ऐकून बरं वाटलं. जिन्यावर मी तसं म्हणालोही.

"हो," एफुआबाई म्हणाल्या. "फार चांगलं बोलतात."

पोकुवा फाटकासमोर वाचेवालीच्या बाकावर बसली होती. आत यायची मनाई, म्हणून रोज तिथे येऊन बसायची. समोर पानात वाचे, म्हणजे भात आणि चवळी, हात न लावलेली.

"खा गं," वाचेवाली म्हणत होती. "उपाशी राहून निर्दोष ठरता येत नाही."

एफुआबाई तिच्या शेजारी टेकल्या. "गुरुवारी साडेदहा ते सव्वाअकरा कुठे होतीस?"

"इथेच, फाटकावर. सहा ट्रकचे नमुने उतरून घेत होते. आदूदादाला विचारा, ड्रायव्हरांना विचारा. मी हे सांगितलं. तर म्हणाले, तू साडेदहाला झाकण सैल ठेवून गेलीस."

"ठेवलं होतंस?"

पोकुवा पहिल्यांदाच चिडली. "बाई, माझ्या प्रत्येक बाटलीवर रोज सकाळी पेनाची रेघ असते. द्रव कुठवर आहे त्याची, आणि शेजारी तारीख. एक थेंब उडाला तरी मला कळतं. आमच्या गावात आता सगळे म्हणतात, हीच ती, जिने एकीला जवळजवळ मारलंच होतं. आईने बाजारात बसणं सोडलं. पोलिसांत नाव गेलं तर या देशातली कुठली प्रयोगशाळा मला दारात उभं करेल? आणि रेघ बघावी असं कोणालाच सुचलं नाही!"

आम्ही परत आत गेलो. ती हेक्झेनची बाटली बोआच्येंच्या कपाटात, पुरावा म्हणून, कुलुपात होती. बाईंनी ती खिडकीशी उजेडात धरली. गुरुवारची तारीख. गुरुवारची रेघ. द्रव रेघेला नेमकं टेकलेलं.

"चाळीस मिनिटं पंख्याखाली उघडी असती तर?" मी विचारलं.

"तर बोटभर खाली गेली असती. आणि खोली भरायची तर अर्धी रिकामी व्हायला हवी. मामा, हे झाकण आदवोआ पडल्यानंतर सैल झालंय." त्यांनी बाटली सावकाश खाली ठेवली. "आणि झाकणं आपणहून सैल होत नाहीत."

४

"तो जबाब तुम्ही लिहिलात?" संध्याकाळी इस्पितळाकडे जाताना त्यांनी विचारलं. ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या खच्चून भरलेल्या व्हॅनमध्ये, आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. "इथे लिहिलंय, खोलीत छान वास येत होता. छान?"

"ती तसं म्हणाली."

"बेशुद्ध पडणाऱ्या बाईला छान वास?"

"बोआच्येंनाही तेच वाटलं. ते म्हणाले, तिने अत्तर लावलं असेल, सोडून द्या."

आदवोआच्या कपाळावर सात टाके होते. ती उशीला टेकून संत्रं सोलत होती. बाईंनी ट्वीमध्ये विचारलं, आणि फांटे हेल ऐकून तिला हसू आलं, मग टाके ताणले गेले म्हणून ती कळवळली.

"वास कसा होता ते पुन्हा सांग, बाळा."

"दे," आदवोआ म्हणाली.

आमच्या भाषेत गोड म्हणजे 'दे', आणि छान म्हणजेही 'दे'. आंबाही 'दे', गाणंही 'दे'. चाळीस वर्षं मी पुस्तकांत घालवली, आणि समोरची बाई दोनांपैकी काय म्हणतेय हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी चांगला दिसणारा शब्द लिहून मोकळा झालो होतो.

"गोड?" मी विचारलं.

"गोडच की, मामा. घशाला चिकटेल असा. नाताळापासून अधूनमधून यायचा. आला की डोकं जड व्हायचं. त्या दिवशी माझा चमचा खाली पडला. उचलायला वाकले तर खाली तो वास केवढा! मग पुढचं आठवत नाही."

"पेट्रोलसारखा नव्हता?"

"छे! पेट्रोलचा वास मला कळत नाही का? माझा नवरा ट्रोट्रो चालवतो."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, ही माझी चूक आहे. मी समितीला लिहून देतो."

"द्या. पण आधी ऐका. हेक्झेनला पेट्रोलचा वास असतो. ही म्हणते गोड. म्हणजे ती बाटली नव्हेच. गोड वास, हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारी वाफ. अशी वस्तू या इमारतीत एकच आहे, डॉक्टरांचं डायक्लोरोमिथेन."

"ती तर वरच्या मजल्यावर असते. फक्त तिथेच."

"तोच तर प्रश्न आहे. वरची वाफ खालच्या बंद खोलीत, तीही जमिनीतून, आली कशी?"

५

बुधवारी सकाळी बाईंनी मला विचारलं, नाताळाच्या आधी इमारतीत नवीन काय झालं?

मी बराच विचार केला. नवीन यंत्र नाही. नवा माणूस म्हणजे बोआच्ये, नोव्हेंबरात आले. ते अतिशय धार्मिक. सकाळची प्रार्थना त्यांनी सुरू केली. "आणि कुमी नानांचं पाणी बंद केलं," मी म्हणालो, आणि हे सांगण्यासारखं आहे का असं वाटून गप्प झालो.

"कोणतं पाणी?"

कुमी नाना आमचे सर्वांत जुने सफाईवाले, आता पंचाहत्तरीचे. इमारतीच्या आधी इथे एक झरा होता आणि नानांचं घराणं त्याची राखण करायचं. दर सहा आठवड्यांनी आमच्याकडे आक्वासिदाय येतो, पूर्वजांना आठवण्याचा रविवार. त्या दिवशी नाना बंद इमारतीत एकटे येऊन, झरा जिथे होता तिथे, भोपळ्याच्या तुंब्याने पितरांना पाणी सोडायचे. बोआच्येंनी त्यांना सांगितलं, देवाच्या नावाने चालणाऱ्या कचेरीत हे चालणार नाही. नानांना बागेच्या कामावर टाकलं.

बागेत नाना पपईच्या बुंध्याशी बसले होते.

"नाना, झरा नेमका कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"तराजूच्या खोलीत. टेबलाखाली जाळी आहे बघ, तिथे. पूर्वी ती धुण्याची खोली होती. इंजिनिअरांनी पाणी जायला भोक ठेवलं ते नेमकं झऱ्यावर. मला वाटलं, चला, निदान वाट तरी ठेवली."

"आणि ती खोली पाण्याने पुसत नाहीत?"

"तराजू आल्यापासून थेंब नाही. कोरड्या फडक्याने. तो आडदांड बोआच्ये मला म्हणतो, नाना, हे सोडा. मी म्हटलं, पोरा, तिथे तहान लागते. हसला." नानांनी थुंकी टाकली. "आता बायका पडायला लागल्या. मी सांगितलं होतं."

परतताना बाई इतक्या भरभर चालल्या की मला धाप लागली.

तराजूच्या खोलीत त्या टेबलाखाली शिरल्या. जाळी होती, धुळीने माखलेली. त्यांनी शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदाची पातळ पट्टी फाडली आणि जाळीवर धरली. पट्टी वर उठली आणि तशीच फडफडत राहिली, जणू खालून कोणी फुंकत होतं.

"पंखा हवा बाहेर फेकतो," त्या म्हणाल्या. "खिडक्या सीलबंद. मग खोली श्वास कुठून घेते? इथून. अशा प्रत्येक जाळीखाली वाकडा पाइप असतो, मामा. त्याच्या वळणात पाणी साचून राहतं, आणि ते पाणी म्हणजेच दार. गटारातली हवा त्यामुळे वर येत नाही. पाणी सुकलं की दार उघडं. इथे कोणी पुसत नाही, वरून हरमाटन. सहा आठवड्यांनी एक तुंबा पाणी कोण घालत होतं?"

"नाना," मी म्हणालो.

"नाना. शेवटचं नोव्हेंबरच्या सुरुवातीला. नाताळापर्यंत वळण कोरडं."

"पण काल तर यंत्राला काही सापडलं नाही. वर काम चालू होतं, जाळी उघडी होती."

"बरोबर. सगळं तसंच होतं, आणि वाफ नव्हती. म्हणजे काल कोणीतरी एक गोष्ट करायचं टाळलं."

आम्ही मागच्या शेडमध्ये गेलो. पिंपाच्या झाकणावर हरमाटनची धूळ करंगळीच्या पेराइतकी जाड, गालिच्यासारखी. तिच्यावर हाताचा ठसा नाही, बोटाची रेघ नाही. महिनाभर तरी ते कोणी उघडलं नव्हतं. आदूने पहारीने झाकण काढलं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

"अजून जागा आहे," बाई स्वतःशी म्हणाल्या.

हे डॉक्टरांचेच शब्द होते. डॉ. फ्रेमपाँग ग्रंथालयात येणारा एकमेव माणूस होता.

६

शुक्रवारी नऊ वाजता समिती बसायची होती. एफुआबाईंनी बोआच्येंकडे एक तास मागून घेतला. तराजूच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं: बोआच्ये, समितीचे दोघे, डॉ. फ्रेमपाँग, कुमी नाना, मी. पोकुवाला आत आणा असं त्यांनी सांगितलं तेव्हा बोआच्ये कुरकुरले, पण आणलं.

बाईंनी आदूला वर पाठवलं होतं, हातात पेपरमिंटच्या अर्काची बाटली. ती सिंकमध्ये ओतायची आणि मागून किटलीभर उकळतं पाणी. त्याने जिन्यावरून आरोळी दिली, "ओतलं!"

आम्ही उभे राहिलो. कोणी खाकरलं. तीन मिनिटं झाली असतील.

"पुदिना," पोकुवा म्हणाली.

मग सगळ्यांनाच आला. बोआच्येंनी वाकून पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येऊन मागे सरले.

"नाना, पाणी घाला," बाई म्हणाल्या.

नानांनी तुंबा आणला होता. त्यांनी जाळीवर सावकाश पाणी सोडलं, ओठ हलवत. बोआच्ये छताकडे बघत राहिले. दार उघडून खोली मोकळी केली, पुन्हा लावली. आदूने वरून लवंगेचं तेल ओतलं, पुन्हा उकळतं पाणी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लवंग आली नाही.

"म्हणजे... माझ्यामुळे?" बोआच्येंचा आवाज बारीक झाला.

"तुम्ही पाणी बंद केलंत. ते कशासाठी होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. नानांनाही नव्हतं."

"मला माहीत होतं," नाना म्हणाले. "तहानलेल्यांसाठी होतं."

"बरं, नाना. पण दार उघडं राहिलं एवढ्याने कोणी पडत नाही. दारातून काहीतरी यावं लागतं." बाई आता कोणाकडेच बघत नव्हत्या. "वापरलेलं डायक्लोरोमिथेन वरच्या सिंकमध्ये गेलं, आणि त्या सिंकचा पाइप या जाळीखालच्याच पाइपाला मिळतो. मागून उकळतं पाणी. माणसाला वाटतं, धुऊन निघालं. पण हे द्रव जवळपास आपल्या अंगाच्या उष्णतेवरच उकळायला लागतं, उकळत्या पाण्याने त्याची पाइपात वाफ झाली. मंगळवारी आणि गुरुवारी, अकराच्या सुमाराला, पहिला घाणा संपला की. पिंप डिसेंबरपासून उघडलेलं नाही, तुम्ही जाऊन धूळ बघा. आणि अपघातानंतर कोणी ओतलं नाही, कारण ओतणाऱ्याला कळलं होतं. मंगळवारी म्हणूनच माझं यंत्र गप्प बसलं."

"आणि झाकण?" समितीतल्या एकाने विचारलं.

"बाटलीतलं द्रव रेघेवर आहे. झाकण अपघातानंतर सैल केलं. आदवोआ बाहेर आल्यावर खोलीत एकच माणूस परत गेला. खिडक्या उघडायला गेलो, असं त्यांनी मला सांगितलं." त्यांनी खिडकीवरच्या पट्टीला हात लावला. "ही डिसेंबरात चिकटवली आहे. अजून फाटलेली नाही."

डॉ. फ्रेमपाँग यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"मी दारातून आत पाऊल टाकलं आणि वास ओळखला," ते म्हणाले. "तिला उचललं. बाहेर ठेवलं. मग वाटलं, आता कोणीही आत येईल आणि ओळखेल. हंगाम चालू, ट्रक येत नाही, नमुने थांबवता येत नाहीत. थोडं थोडं ओततोय असं वाटायचं. कपाट उघडं होतं. मी फक्त एक झाकण फिरवलं. वाटलं, अपघात म्हणतील, पोकुवाला दोन शब्द ऐकवतील, संपेल. पोलिस येतील असं... मग रोज ठरवायचो, उद्या सांगू."

"आठ दिवस, सर," पोकुवा म्हणाली.



७

समिती दहा मिनिटांत उठली. माझं पत्र, त्या शब्दाबद्दलचं, कोणी वाचलं की नाही ठाऊक नाही. बोआच्ये पोकुवाला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेले. मी जवळच होतो, पण मी जवळ असलो तरी लोकांच्या लक्षात येत नाही.

"बहिणी, झालं गेलं विसरून जाऊ. तू सोमवारपासून ये. डॉक्टरांचं काय करायचं ते वरून ठरेल. बाहेर जास्त चर्चा नको, इमारतीचं नाव आहे."

"माझंही नाव आहे, सर."

"अगं, गैरसमज झाला..."

"गैरसमज नाही. खोटं. तुम्ही माझ्यासाठी अंगणात प्रार्थना केलीत, सगळ्यांसमोर. ड्रायव्हरांनी ऐकली, वाचेवालीने ऐकली, संध्याकाळपर्यंत आईच्या बाजारात पोचली. मला कोपऱ्यात निर्दोष नका करू. मी सोमवारी येणार नाही. आज येईन, आधी तिथे अंगणात सांगा."

बोआच्येंनी अंगणात जाऊन घंटा वाजवली. माणूस हट्टी, पण भेकड नव्हता. सगळे जमल्यावर त्यांनी सांगितलं की अबेना पोकुवाने काहीही चुकीचं केलं नव्हतं, आणि प्रार्थना करताना त्यांनी स्वतः खोटी साक्ष दिली होती. फाटकाबाहेर ट्रकमधले ड्रायव्हर ऐकत होते. बोआच्येंनी आवाज चढवला, त्यांनाही ऐकू जावं म्हणून.

मग डॉ. फ्रेमपाँग पुढे आले. त्यांनाही काही बोलायचं होतं. ते पोकुवासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांदेखत, वयाने एवढे मोठे असून, मान खाली घातली.

"पोकुवा, मी तुझा..."

"सर, मला ऐकून झालं," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. "आदवोआला अजून कोणी सांगितलेलं नाही. ती समजते की तिलाच काही आजार आहे. तिच्याकडे जा."

डॉक्टर फाटकाकडे चालायला लागले. आदूने गाडी बोलावू का विचारलं. ते नको म्हणाले आणि धुळीतून थांब्याच्या दिशेने निघून गेले.

पोकुवाने बाह्या वर केल्या. पहिल्या ट्रकमधल्या बिया अजून उतरल्या नव्हत्या. ती ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, बघत काय राहिलात? आणा इकडे."